महामायेची पदवी

मेहकरच्या बाजारात वामनराव पाटलांचं खतं-औषधांचं दुकान आहे. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर वामनरावांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो दिसतो, त्याच्या शेजारी दुकानाचा परवाना, आणि परवान्याला लागून काचेच्या चौकटीत एक पदवी. कृषी शाखेची, पहिल्या वर्गातली. पदवीवरचं नाव महामाया सहदेव अंभोरे. आता वामनरावांचं आणि या पोरीचं नातं काय म्हणाल, तर काहीच नाही. तिचा बाप सहदेव हा त्यांच्या शेतातला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. पण कायदा असा, की पिकावरची औषधं विकायची तर दुकानात शेतकी शिकलेलं माणूस हवं. वामनरावांचा मुलगा गोपाल बारावीच्या उंबरठ्यावरच बसकण मारून राहिलेला. मग पदवी बाहेरून आणली. आपल्याकडे लग्नाला मांडव भाड्याने मिळतो, भांडी मिळतात, वरातीला घोडा मिळतो. तशी पदवीही मिळते, आणि तिला तर दाणापाणीही लागत नाही.

हे सगळ्यांना माहीत असतं. तपासायला येणाऱ्यांना तर आधी माहीत असतं. महामायेच्या वर्गातल्या कितीतरी जणांच्या पदव्या अशाच कुठल्या कुठल्या गावात, कुणाच्या तरी वडिलांच्या फोटोशेजारी लटकत होत्या. मैत्रिणी फोनवर एकमेकींना विचारत, "तुही कोठी टांगली वं?" आणि हसत.

सहदेवला मात्र यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. बाजाराच्या दिवशी तो दुकानात जायचा, चपला बाहेर काढायचा आणि त्या चौकटीसमोर उभा राहायचा. कोणी गिऱ्हाईक आलं की सांगायचा, "हे माह्या मायाचं हाय." गावात तर त्याने पक्कं करून टाकलं होतं, की औषध घ्यायचं तर पाटलाच्याच दुकानातून घ्या, तेथी माही पोरगी हाय. पोरगी तिथे नव्हती, तिचा कागद होता. बापाला हा फरक लहान वाटला. आणि खरं सांगायचं तर पोरीनेही तो त्याला कधी नीट समजावून सांगितला नाही.

महामाया हे नाव विहारातल्या एका म्हाताऱ्या उपासकाने ठेवलेलं, बुद्धाच्या आईचं. शाळेत गुरुजींना ते लांबलचक वाटलं म्हणून हजेरीत ती माया झाली, आणि मग सगळ्यांचीच माया. घरी वीतभर जमीन नव्हती. बाप दुसऱ्याची वखरायचा, माय पंचफुला दुसऱ्याची निंदायची, आणि ही पोर बांधावर बसून ढेकळं फोडत राहायची. एका वावरातली माती हातात वळते, दुसऱ्यातली बोटांतून सांडून जाते, हे असं का, हा प्रश्न तिला लहानपणीच पडला आणि त्याचं उत्तर तिला कोणीच दिलं नाही. बारावीला चांगले गुण पडले तेव्हा मास्तरांनी नर्सिंग सुचवलं. ती म्हणाली, शेतकीला जाते.

पंचफुलेला हसू आवरेना. "शेती शिकाले कॉलेज कायले पाह्यजे? माह्यासंगं निंदाले चाल, फुकटात शिकशीन."

पण गेली. तेही सहजासहजी नाही. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी कागद बुलढाण्याला पोचवायचे होते आणि नेमका एसटीचा संप. सहदेवने मालकापुढे हात जोडले. वामनरावांनी जीप काढली, स्वतः चालवली, चिखलीला थांबून बापलेकीला चहा पाजला आणि कचेरी बंद व्हायच्या आत पोचवलं. चांगलंच केलं, त्याला कोण नाही म्हणेल. पण त्या एका फेरीचे उपकार अंभोऱ्यांनी किती वर्षं डोक्यावर वाहायचे, हे मात्र कोणी ठरवून ठेवलं नाही. जे ठरलेलं नसतं ते संपतही नाही.

कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सरांनी एकेकाला उभं करून विचारलं, घरी शेती किती. पोरं एकर सांगत गेली. महामाया उभी राहिली आणि म्हणाली, "नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही, सर."

मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं, "मंग शेतकी काऊन घेतली बे हिनं?" वर्ग हसला, सरही किंचित हसले. हा प्रश्न पुढे चारही वर्षं तिच्या मागे हिंडला. तिने कधी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर साधं होतं आणि ते बोलून दाखवायची तिला लाज वाटायची. तिला माती आवडायची. मातीच्या प्रात्यक्षिकाला माणूसभर खोल खड्डा खणला होता. बाकीच्यांनी वरूनच चित्रं काढली, ही आत उतरली आणि भिंतीवरचा एकेक थर हाताने चाचपत राहिली. सरांनी सांगितलं की बोटभर माती तयार व्हायला माणसांच्या कितीतरी पिढ्या जातात. ती वर आली तेव्हा तिच्या मुठीत तळाची माती होती. शेवटच्या वर्षी कृषिकन्या म्हणून एका खेड्यात राहायला पाठवलं, तिथे बायका तिच्याभोवती गोळा व्हायच्या, कारण ही त्यांच्याच बोलीत बोलायची. तण मारायचं औषध आणाल तर आधी विचारा, कोणत्या पिकातलं. मका गवताच्या कुळातला, सोयाबीन रुंद पानाचं, एकाला चालतं ते दुसऱ्याला जाळतं. हे ती इतकं सोपं करून सांगायची की म्हाताऱ्याही मान डोलवायच्या.

पदवी मिळाली आणि मग काहीच मिळेना. भरतीची जाहिरात निघे, परीक्षा पुढे जाई, पुढे जाऊन जाऊन रद्द होई. महामाया घरात पुस्तकं उघडून बसे आणि वस्तीतले लोक पंचफुलेला विचारत, पोरगी काय करून राह्यली आता. अशात एक दिवस वामनराव सहदेवला म्हणाले, "पोरीची पदवी पेटीत पडून काय करते? दुकानात लावू. तिचंही नाव होईन."

महामायेने एकच अट घातली. बाजाराच्या दिवशी दुकानात मी बसेन. वामनराव हसून हो म्हणाले. पहिले काही बाजार ती बसलीही. तिने फळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या, सोयाबीन, कपाशी, मका, आणि त्या त्या पिकाच्या बाटल्या त्या त्या फळीवर ठेवल्या. पुढच्या बाजाराला पाहते तर सगळं उलथंपालथं. गोपाल सरळ म्हणाला, "माया, कंपनीचं टार्गेट असते. तुह्या चिठ्ठ्यायनं माल निंघत नाही. तू आतमधी बस, च्या घे." ती आत बसली, चहा घेतला. त्याच्या पुढच्या बाजाराला ती गेली नाही. का आली नाहीस, असं कोणी विचारलं नाही. तिथेच तिने पदवी उतरवून घरी आणायला हवी होती. पण जीप आठवली, बापाच्या काढलेल्या चपलांचा जोड आठवला, आणि चौकट भिंतीवरच राहिली.

त्यापेक्षा पुढे शिकू, असं तिने ठरवलं. अकोल्याच्या विद्यापीठात मृदाशास्त्राला जागा मिळावी म्हणून ती झपाटल्यासारखी अभ्यासाला लागली, आणि जागा मिळाली. माती शिकायची, तीही विद्यापीठात, प्रयोगशाळेत. श्रावण संपला की जायचं होतं. सहदेवने गावभर सांगितलं. पंचफुला यावेळी हसली नाही, तिने पोरीसाठी गोधडी शिवायला काढली.

आणि त्याच पावसाळ्यात कोकिळाकाकू दुकानात गेली.

कोकिळाकाकू गावातलीच, नवरा गेल्यावर थोडकं वावर एकटीने सांभाळणारी. पंचफुला तिच्याकडे निंदायला जायची. दोघींचं जात सोडून सगळं जमायचं, आणि अलीकडे जातीचंही फारसं अडत नव्हतं. पाऊस लागून राहिल्याने सोयाबीनात तण माजलं, निंदायला बाया मिळेनात. कोकिळाकाकू दुकानात जाऊन म्हणाली, सोयाबीनातलं तणाचं औषध दे. ते संपलेलं होतं. पण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही हा गोपालचा धर्म. त्याने मक्यात मारायची बाटली काढली आणि म्हणाला, "हे पण चालते." तिने भिंतीकडे पाहिलं, मायाची पदवी तिथे होती, आणि बाटली पिशवीत टाकली. बिल त्याने दिलं नाही, तिने मागितलं नाही.

फवारल्यावर दोन-चार दिवसांनी पंचफुला घरी आली ती हातपाय न धुताच म्हणाली, "माया, कोकिळाच्या वावरात चाल. पीक कसंकसंच दिसून राह्यलं."

महामाया बांधावर पोचली आणि तिथेच थांबली. शेंडे मुरडले होते, पानं द्रोणासारखी वळली होती, कोवळी खोडं वाकडी होऊन जमिनीकडे झुकली होती. तण मेलं होतं आणि पीकही मेलं होतं. हेच चित्र तिने परीक्षेत काढलं होतं, पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. बाटली पाहायची गरज नव्हती, तरी पाहिली.

"तुह्या दुकानातलंच घेतलं, बाई," कोकिळाकाकू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. काहीतरी उपाय असेल आणि माया तो सांगेल, अशा नजरेने ती पाहत होती. "सहदेवभाऊनंच सांगतलं होतं, मायाच्याच दुकानातून घेजो म्हून. आता हे सुधरीन ना?"

"नाही सुधरणार, काकू," महामाया म्हणाली. पुन्हा पेरायची वेळही निघून गेली होती.

कोकिळाकाकूने कोणाच्या तरी सांगण्यावरून तालुक्याला तक्रार दिली. अधिकारी पाहणीला येणार असं कळलं, आणि त्याच्या आदल्या दिवशी दुपारी वामनराव सहदेवच्या घरी आले. इतक्या वर्षांत ते त्या वस्तीत पाय ठेवायचे ते गड्याला हाक मारायला, तेही रस्त्यावरून. आज ते आत आले, खाटेवर बसले आणि स्वतःहून म्हणाले, "पंचफुला, च्या ठेव." पंचफुलेने ठेवणीतला कप काढून दोनदा धुतला. त्या घरचं पाणीसुद्धा त्यांनी कधी घेतलं नव्हतं.

चहा संपेपर्यंत ते पावसाचं बोलले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "माया, कोकिळाच्या घरामांगं मका हाय थोडा, ढोरायसाठी. तिनं मक्याचं म्हून नेलं अन सोयाबीनवर मारलं, असं झालं असन. अडाणी बाई हाय. तू फकत तुह्या शास्त्रात काय ते सांग अन सही कर."

"तिनं सोयाबीनचंच मांगतलं होतं."

"तू होती काय तेथी?"

ती तिथे नव्हती. तीच तर अडचण होती.

"पाह्य, परवान्यावर नाव तुहं हाय," वामनराव हळूच म्हणाले. त्यांचा सूर खरोखरच घरच्या माणसाचा होता, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला. "दुकानाची चूक धरली तं चूक तुही होते. मी तेथी नव्हती म्हणशीन तं पदवी भाड्यानं देली म्हून तुलेच धरतीन. दोन्हीकडून तूच. अन पुढच्या महिन्यात तुले विद्यापीठात जायचं हाय. मी गोपालले नाही, तुले वाचवून राह्यलो."

ते गेले. सहदेव इतका वेळ दाराशी उकिडवा बसला होता. त्याने विचारलं, "खरं काय हाय, माया?"

"गोपालनं चुकीचं औषध देलं, बाबा."

"मंग?"

"मंग तसं सांगतलं तं माह्यं शिक्षण जाते."

सहदेव जमिनीकडे पाहत राहिला. ती वाट पाहत होती. बाप म्हणाला असता सही कर, तर तिने केली असती. म्हणाला असता करू नको, तर कदाचित केली नसती. बाप काहीच म्हणाला नाही. उठला आणि पाटलाच्या गोठ्याकडे निघून गेला. त्या गप्प राहण्याचा तिला त्या वेळी फार राग आला. एवढी वर्षं माझी पदवी गावाला दाखवत फिरलास, आणि आज तुझ्याकडे एक शब्द नाही, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी कोकिळाकाकूच्या वावरात अधिकारी आले. वामनराव, गोपाल, गावातले चारदोन जण होते. पंचफुला कोकिळाकाकूच्या शेजारी उभी होती. साहेबांनी पीक उपटून पाहिलं, बाटली पाहिली आणि म्हणाले, दुकानाच्या तज्ज्ञ कोण आहेत, त्यांचं मत सांगा.

महामाया पुढे झाली. इतरांशी ती त्यांच्या बोलीत बोलायची, त्या दिवशी मात्र तिच्या तोंडून पुस्तक बाहेर पडलं. "सदर लक्षणे मका पिकासाठी शिफारस केलेल्या तणनाशकाची आहेत. शेतकऱ्याने मक्यासाठी नेलेले औषध अनवधानाने सोयाबीनवर फवारल्याचे दिसून येते."

कोकिळाकाकूने पंचफुलेला कोपराने हलवलं. "काय म्हणते माया? नुकसानीचं सांगून राह्यली ना?"

पंचफुला खाली मान घालून उभी राहिली. साहेबांनी कागद पुढे केला आणि महामायेने सही केली. पंचनाम्यातल्या त्या मराठीचा अर्थ काय हे कोकिळाकाकूला दोन दिवसांनी तालुक्याच्या कारकुनाने समजावून सांगितलं. ती भांडायला आली नाही, शिव्या द्यायला आली नाही. त्या दिवसापासून तिने पंचफुलेला निंदायला बोलावणं मात्र बंद केलं.

श्रावण सरला आणि महामाया अकोल्याला गेली. विद्यापीठ तिला वाटलं होतं त्याहून मोठं होतं. झाडांच्या रांगा, ग्रंथालय, प्रयोगशाळेत गावोगावच्या मातीचे नमुने भरलेल्या पिशव्या. इथे कोणी घरच्या शेतीचं विचारलं नाही. सर हुशार म्हणून तिला ओळखू लागले. एकदा तणनाशकांवरच्या तासाला सरांनी पडद्यावर एक चित्र टाकलं. मुरडलेले शेंडे, वळलेली पानं. "हे कशाने झालं, कोण सांगेल?" वर्गात कोणालाच सांगता येईना. सरांची नजर महामायेवर येऊन थांबली. तिने वहीत डोकं घातलं. सरांना आश्चर्य वाटलं असावं, पण ते पुढे गेले. त्या दिवशी ती जेवायला गेली नाही.

घरी फोन केला की पंचफुला बोलायची. बाबा कुठे, तर कामाले गेले. सकाळी केला तरी कामाले, दिवस मावळायला आला तरी कामाले. बापाला आपल्याशी बोलायचं नाही, असं तिने धरून ठेवलं.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली. मेहकरहून गावाकडच्या गाडीत बसली आणि फाट्यावर उतरून चालत निघाली. वाट कोकिळाकाकूच्या वावराच्या कडेने जाते. तिने मान वळवायची नाही असं ठरवलं होतं, पण वावरात एक माणूस वाकून काम करत होता, आणि ती पाठ तिच्या ओळखीची होती.

ती बांध ओलांडून आत गेली. मेलेलं सोयाबीन उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग लावलेला होता. त्यानंतर पुन्हा माजलेलं तण खणून काढलेलं होतं, आणि भुसभुशीत केलेल्या मातीत सरळ ओळी दिसत होत्या. सहदेव वाळला होता. हाताला फडकी बांधलेली होती.

"बाबा, हे काय?"

"हरभरा पेरला," तो म्हणाला. "ओल हाय अजून जमिनीत. पाटलाच्या कामाआधी येतो अन कामानंतर येतो."

"कोकिळाकाकूनं बोलावलं?"

"नाही. ते बोलत नाही माह्यासंगं."

"मंग काऊन?"

सहदेवने कुदळीच्या दांड्यावर हात ठेवले. "म्याच तं सांगतलं होतं तिले, मायाच्या दुकानातून घेजो म्हून."

महामाया दोन पावलं पुढे आली. तिने पिशवी खाली टाकली आणि त्याच्या हातातली कुदळ धरली. त्याने ती सोडली नाही. ओढाताण केली नाही, रागावला नाही, नुसती सोडली नाही. "तू शिक, बाई," तो म्हणाला. "इकडचं मी पाहून राह्यलो."

तिला रडू फुटलं. तशी ती फारशी रडणारी नव्हती. दोघं तसेच उभे होते तेवढ्यात धुऱ्यावरून कोकिळाकाकू आली. हातात पाण्याचा गडवा होता. तो तिने सहदेवपासून थोड्या अंतरावर खाली ठेवला. मग तिने महामायेकडे पाहिलं. लहानपणी याच बाईने तिला या वावरातला हुरडा भाजून चारला होता.

"मॅडम," कोकिळाकाकू म्हणाली, "बाजूले व्हा. पेरलं हाय तेथी."

महामाया पिशवी उचलून धुऱ्यावर गेली. सहदेव खाली बसला आणि तिच्या पायांनी दबलेली ओळ हाताने उकरून मोकळी करू लागला.